व्हय म्हाराजा

आमच्याकडे देवाला काही सांगायचं झालं की गाऱ्हाणं घालतात. घरातला नाहीतर वाडीतला मोठा माणूस हात जोडून देवाशी मोठ्याने बोलतो आणि त्याचं एकेक वाक्य संपलं की मागे उभी असलेली सगळी माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मागणारा एक, हो म्हणणारे सगळे. आमच्या घरात मागायचं काम बाबांचं. त्यांचा आवाज असा खणखणीत की, ह्यांनी मालवणच्या बंदरावर गाऱ्हाणं घातलं तर वेंगुर्ल्याचा देव जागा होईल, असं शेजारी चेष्टेने म्हणत.

माझी धाकटी बहीण नुकती बोलायला लागली होती तेव्हाची गोष्ट. गणपतीचे दिवस होते, घरात गाऱ्हाण्यांचा गजर चाललेला. बाबा जेवायला बसले आणि आईला म्हणाले, "गो, भात हाड," म्हणजे भात आण. आईने तोंड उघडायच्या आधी दाराआडून ही एवढीशी पोर हात जोडून ओरडली, "व्हय म्हाराजा!" सगळं घर पोट धरधरून हसलं. बाबांनी तिला उचलून मांडीवर घेतलं, आणि मग "पाणी हाड", "मीठ हाड" असं म्हणत तिच्याकडून पुन्हा पुन्हा तेच वदवून घेतलं. त्या दिवसापासून तिचं तेच नाव पडलं. शेजारीपाजारीसुद्धा विचारत, "गो, तुमचा व्हय म्हाराजा खंय आसा?" हो म्हटलं की माणसं उचलून घेतात, हे तिला त्या दिवशीच कळलं असणार. तिच्या जागी मी असते तर मीही तेच शिकले असते.

पण मी थोरली होते. एका घरात दोन मुली असल्या की लोकांना त्यांची वाटणी केल्याशिवाय चैन पडत नाही. एक गोरी तर दुसरी सावळी, एक हुशार तर दुसरी कामसू. आमच्यात धाकटी हो म्हणणारी ठरली, मग थोरली आपोआप नाही म्हणणारी झाली. मी काही जन्मतः तिरसट नव्हते. पण तिने कशाला हो म्हटलं की सगळे हसत माझ्याकडे वळत. "आता ह्या काय म्हणता ता बघा." एवढी माणसं कान टवकारून बसलेली असताना साधं हो म्हणणं मला कमीपणाचं वाटायला लागलं. मग मी नाही म्हणायची, त्यावरही सगळे हसायचे, आणि आई कौतुकाने आणि काळजीने म्हणायची, "ह्येच्या नाकार राग आसा." राग नाकावर ठेवून ठेवून तो पुढे तिथेच राहायला आला.

जत्रेत बांगड्या घ्यायच्या झाल्या की मी अर्धा तास दुकानदाराचं डोकं खायची. ती माझ्या शेजारी उभी राहून मी नको म्हटलेल्या बांगड्या हातात भरून घ्यायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "बऱ्यो आसत." आणि खरंच छान दिसायच्या तिला. त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

लग्नाचं वय झालं तेव्हा मी स्थळं नाकारत गेले. त्यातलं एक मला आवडलं होतं. कुडाळचा मास्तर होता, हळू बोलायचा, आणि चहा पिताना माझ्याकडे बघून उगाच हसला होता. ते लोक गेल्यावर बाबा, आई, मामा सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मामांनी मांडीवर थाप मारून म्हटलं, "हो, आता सांग ह्येच्यात काय खोट आसा ती." त्यांना माझ्याकडून 'नाही'च ऐकायची इतकी सवय होती, आणि मलाही म्हणायची इतकी, की मी म्हटलं, "फार हळू बोलतो." घरभर हशा पिकला. मी आजवर एकटी आहे. शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, आईबाबांच्या माघारी याच घरात राहते. एकटेपणाबद्दल माझी फारशी तक्रार नाही, पण तो मास्तर अजून कधीमधी आठवतो.

बहिणीला एकदाच बघायला आले. खारेपाटणचं घराणं, किराणा मालाचं दुकान, मुलगा दिसायला बरा. बाबांनी तिला विचारलं, "पसंत आसा मा गो?" ती म्हणाली, "व्हय." मागून कोणीतरी सूर लावला, "म्हाराजा!" आणि त्या हसण्यातच लग्न ठरलं.

भावोजी वाईट माणूस नाहीत. त्यांच्यावर राग काढायची मला पुष्कळ हौस होती, पण त्यांनी कधी जागाच दिली नाही. ते तिला प्रत्येक गोष्ट विचारत. घराला रंग कुठला, मुलाचं नाव काय, तिच्या वाट्याची माडी दुकानाच्या मालासाठी वापरली तर चालेल का. "चलात मा?" असं विचारून तिच्याकडे बघत. ती हो म्हणे. ते विचारायचे तरी, बाकीच्या घरांत तेवढंही होत नाही. सासू, नणंदा, गिऱ्हाइकं, सगळ्यांच्या तोंडी तिची स्तुती होती. बारशाला गेले की बायका मला सांगत, "तुमच्या बहिणीन कधी कोणाक नाय म्हणूक नाय." हे ऐकताना मला अभिमान वाटायचा आणि कुठेतरी डिवचल्यासारखंही व्हायचं, कारण त्याच वाक्यात माझ्यावर एक शेरा असायचा.

मग तिचं पोट दुखायला लागलं. कधीपासून, हे आजही कोणाला नीट सांगता येत नाही. फोनवर मी विचारायची, "बरी आहेस ना गो?" आणि ती म्हणायची, "बरा आसा." भावोजी विचारत, "बरा वाटता मा?" तेव्हाही तेच. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात, आणि ही तर रडणं विसरलेली. ती जेवेनाशी झाली, साडीच्या निऱ्या वाढल्या, तेव्हा कुठे तिचा मुलगा सुट्टी काढून आला आणि आम्ही तिला गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने पोट दाबत विचारलं, "दुखतं का?" बहीण म्हणाली, "सोसवतं." डॉक्टरीण म्हणाली, "ते नाही विचारलं मी, आजी." तपासण्या झाल्यावर तिने भावोजींना बाजूला नेलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातातल्या पिशवीचे बंद त्यांना सापडत नव्हते. उशीर झाला होता. घरी न्या, डॉक्टरीण म्हणाली, जपा, दुखण्याच्या गोळ्या द्या.

भाचा गाडी चालवत होता. दुपारचं रणरणतं ऊन होतं. कसालच्या तिठ्यावर मी उतरायची होते. तिथून डावीकडे माझ्या घराकडचा, मालवणचा रस्ता, सरळ गेलं की कणकवली, नांदगाव करत खारेपाटण. भाच्याने गाडी कडेला घेतली. भावोजी मागे वळून तिला म्हणाले, "आता सरळ घराक जावया मा? जरा पडतलस."

ती म्हणाली, "नाय."

गाडीत कोणाला ते ऐकूच आलं नाही, म्हणजे कानांवर पडलं पण समजलं नाही. भावोजींनी पुन्हा तेच विचारलं आणि तिने पुन्हा तेच सांगितलं. भाचा म्हणाला, "बाबा, गोळयेची गुंगी आसा तिका. ती काय बोलता ता तिचा तिकाच कळना नाय." भावोजींनी मान हलवली. त्यांनाही तेच पटलं. ती शुद्धीत असताना नाही म्हणेल, हे त्या दोघांच्या कल्पनेत बसतच नव्हतं. गाडी सुरू झाली. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. त्यात गुंगीबिंगी काही नव्हती. जन्मभर जो राग मी बांगड्यांवर, बसच्या कंडक्टरवर आणि शाळेतल्या शिपायावर उधळला, तो त्या दिवशी पहिल्यांदा योग्य जागी पडला. "गाडी थांबव!" मी ओरडले. "ती नाही म्हणतेय. ऐकू येत नाही का तुम्हाला? माझ्याकडे चला."

माझ्या घराच्या पायरीवर भावोजी लहान मुलासारखे रडले. "इतक्या वर्सात एकदाव नाय म्हणूक नाय. आताच कित्या? माझा काय चुकला?" मी त्यांना चहा दिला. दर दोन दिवसांनी ते येत राहिले, दुकान बंद ठेवून, आणि तिच्या पायांशी बसून राहायचे.

तिला मी नंतर विचारलं, तिकडे का नको? ती म्हणाली, "थय सगळ्यांका माझ्याकडसून बरा आसा म्हणान ऐकूचा आसता, ताय. मी दमलंय." एवढंच. त्यात कोणाबद्दल कडवटपणा नव्हता.

तिच्या तोंडाला चव यावी म्हणून मी रोज विचारायची, "आज काय करू?" ती म्हणायची, "कायव कर." असं चार-पाचदा झाल्यावर माझं पित्त खवळलं. "कायव नावाचो मासो अजून बाजारात येवक नाय," मी म्हटलं. "तुका काय आवडता ता सांग!" ती हसली. मग गंभीर झाली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की माझी चिडचिड जागच्या जागी विरली.

"माका काय आवडता गो, ताय?" तिने विचारलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. बाबांना माशाचं डोकं आवडायचं. मामा आले की त्यांना मधली तुकडी. मला गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, आणि ती मिळाली नाही तर मी ताट सरकवून उठायची. आईला फक्त सार असलं तरी चालायचं. शेपटीकडचा काट्यांचा तुकडा बहिणीच्या ताटात जायचा, आणि कोणी विचारलं तर ती म्हणायची, "माका शेपटीच आवडता." आम्ही खुशाल विश्वास ठेवला. मी तिच्याबरोबर एका चटईवर झोपले, एका फणीने केस विंचरले, आणि तिला खायला काय आवडतं हे मला ठाऊक नव्हतं. तिचं ती विसरली असेल तर सांगणारं जगात दुसरं कोणीच नव्हतं. मला रडू आलं, आणि ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी नळ सोडला.

मग मी एकेक करून बघायचं ठरवलं. सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी केली, ती म्हणाली, "बरी झाली." तांदळाची खीर केली, तीही बरी झाली. घावणे, सोलकढी, आंबोळी, सगळ्याला तोच शेरा. एका दुपारी ताजे बांगडे मिळाले. आमच्या घरच्या पद्धतीने, तिरफळं ठेचून घालून, मी तिखलं केलं. तिरफळाची जीभ बधिर करणारी चव मला इतकी प्रिय की आई माझ्यासाठी ती मूठभर घालायची. बहिणीने एक घास घेतला, थांबली, आणि ताट हळूच बाजूला सरकवलं.

"ह्येच्यात तिरफळा घालू नको," ती म्हणाली. "माका तिरफळा आवडनत नाय. कधीच आवडूक नाय."

मी विचारलं, "मग मी दरवर्षी पाठवायची ती?"

"बरणयेत आसत," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता तिला दुखलं. "दुखता," ती म्हणाली, आणि तेही मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मी तिची पाठ चोळत बसले. दुसऱ्या दिवशी तिरफळं न घालता केलं, पण तिला अन्नाचा वास सोसेना. आणखी थोडे दिवस मिळाले असते तर कदाचित आवडतं तेही सापडलं असतं. ते मिळाले नाहीत. ती माझ्याच घरात गेली, भावोजी पायांशी बसलेले असताना.

वर्षश्राद्धाच्या आधी त्यांचा फोन आला. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या पानात त्याच्या आवडीचं काहीतरी वाढतात. ते म्हणाले, "ताई, तिका काय आवडायचा? माका कधी... तुमका ठावक असतला." मी म्हटलं, मला ठाऊक नाही. त्यांची सगळी भिस्त माझ्यावर होती. मग मी म्हटलं, "कशात तिरफळं मात्र घालू नका." ते म्हणाले, "आमच्याकडे नायच घालीत." म्हणजे त्या घरात निदान जेवताना तरी तिला ती गिळावी लागली नाहीत. एवढं ऐकून मला त्या माणसाबद्दल माया दाटून आली.

मी श्राद्धाला खारेपाटणला गेले. केळीच्या पानावर वडे होते, ते भावोजींना आवडतात. खीर भाच्याच्या आवडीची. काळ्या वाटाण्याचं सांबारं तिच्या सासूला फार प्रिय होतं, आणि कडेला बटाट्याची भाजी होती, ती नातवासाठी. मी पानाकडे बघतेय हे भावोजींच्या लक्षात आलं. त्यांनी वड्यांवर पडलेलं तुळशीचं पान नीट केलं आणि माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "तिका चलला असता."