आप्पाचे आठ किलो आणि मोबाइलातल्या मॅडम

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. ओल्या सुपारीला बुरशी धरते तसे ते आपसूक धरतात. माणसाने फक्त रिकामं बसायचं. मी सातवीला तीनदा बसलो, तेव्हापासून मला बसायची सवय आहे!

श्रीवर्धनला गजाच्या चहाच्या टपरीसमोर आमचा बाक आहे. त्यावर मी चिमूटभर आणि बाकीचा आप्पा. आप्पा माझा शाळेपासूनचा दोस्त. सुपारीची वाडी, गोडघाशी जीभ आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. अलिबागच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आधी आठ किलो उतरा, मग ऑपरेशन." आप्पाला स्वतःच्या वाडीत पाय टाकून वर्ष झालं होतं. आपली झाडं तो दुसऱ्याने काढलेल्या फोटोत बघायचा आणि डोळे पुसायचा. म्हणून डॉक्टरांकडच्या आहारवाल्या मॅडमनी त्याच्या मोबाइलात एक ॲप घातलं. आहार शिकवणारं, वजन उतरवणारं, शिवाय मराठीतून बोलणारं! मग काय, आमची करमणूक फुकटात सुरू.

*

पहिल्याच व्हिडिओ कॉलवर मॅडम म्हणाल्या, "काका, नारळ कमी करा."

"कमी म्हंजे? झाडं तोडू काय?"

मॅडमनी शांतपणे नमुन्याचं ताट दाखवलं. मूठभर भात, काकडीच्या दोन फोडी, चतकोर भाकरी. आप्पाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मॅडम, एवढं तर आम्ही पितरांच्या दिवशी कावळ्याला वाढतो. आणि तोपण लगेच शिवत न्हाय!"

*

ॲप रोज एक धडा शिकवायचं आणि खाली प्रश्न विचारायचं. आप्पा बाकावर बसून परीक्षा द्यायचा. एकदा प्रश्न आला, 'जेवणानंतर गोड खावंसं वाटलं तर काय कराल?' पर्याय तीन. पाणी पिईन, फळ खाईन, फेरफटका मारीन.

आप्पा बराच वेळ स्क्रीन खालीवर सरकवत राहिला. शेवटी वैतागून म्हणाला, "काय शिकलेली माणसं! बरोबर उत्तरच छापायला विसरलीत!"

*

मग पावलांचं आलं. रोज तीन हजार पावलं चाला म्हणे. ॲपला गुडघे थोडेच असतात! पण आप्पाने तोडगा काढला. आठवड्यात 'चॅम्पियन'चा बिल्ला! मॅडम हरखल्या. "काका, एवढं चालता तरी कुठे?"

"लांब न्हाय ओ. ओटीवरच. पुढं-मागं, पुढं-मागं."

खोटं एक अक्षर नाही. मोबाइल खिशात घालून माणूस दुपारभर झोपाळ्यावर बसलेला असायचा!

*

आता माझं पाप सांगतो. आप्पा एकदा मोबाइल बाकावर ठेवून टपरीमागे गेला. मी त्याच्या ॲपमध्ये 'पुरुष'चं 'स्त्री' केलं आणि 'गरोदर'पुढे टिचकी मारली. महिना सातवा. पोट बघूनच भरला, अंदाजे नाही!

दुसऱ्या दिवसापासून ॲपचा सूरच बदलला. 'दोन घास जास्त खा. दूध घ्या. दुपारी आडव्या व्हा.' आप्पा गहिवरला. "आत्ता कुठं माणसासारखं बोलायला लागलंय!" पंधरा दिवस त्याने ॲपचा शब्द खाली पडू दिला नाही. दीड किलो वाढला.

तरी त्याला संशय नाही! शेवटी ॲपने विचारलं, 'पोटात हालचाल जाणवते का?' आप्पाने 'हो'वर बोट ठेवलं आणि आम्हाला म्हणाला, "गॅसचंपण कळतं ओ याला!"

गजाच्या हातातली किटली खाली पडली. मग मला कबूल करावं लागलं. आठवडाभर बाकावर मी एकटाच होतो. जागा भरपूर, मजा शून्य.

*

चार महिन्यांनी अलिबागला वजन करायचा दिवस आला. आप्पा, त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आणि राग सोडून बरोबर घेतलेला मी, असे तिघे गेलो. आप्पा सकाळपासून उपाशी. काट्यावर चढण्याआधी त्याने चष्मासुद्धा काढून माझ्याकडे दिला. आठातला एक किलो उतरला होता!

मॅडमनी ॲप उघडलं. आप्पाने रोजच्या जेवणाचा फोटो न चुकता पाठवला होता. त्या एकेक फोटो बघत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"काका, एवढ्या जेवणावर माणूस खंगायला हवा. रोज भात आणि नुसतं कालवण. चार महिन्यांत माशाची एक धड तुकडी नाही. शेपूट, नाहीतर डोकं. असं कोणी जेवतं का?"

आप्पा माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्याकडे.

वहिनी मोबाइलात डोकावल्या आणि सहज म्हणाल्या, "अगंबाई, हे तर माझं ताट!"

मॅडमनी ऑपरेशन तीन महिने पुढे ढकलल्याचं कागदावर लिहिलं. येताना एसटीत आप्पा खिडकीतून बाहेर बघत होता. कुणाच्या तरी वाड्या मागे पडत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. सुरमई होती. आप्पाने हट्टाने वहिनींना आमच्याबरोबरच बसवलं. वहिनींनी सवयीने मधली जाड तुकडी आप्पाला वाढली. त्याने ती उचलली आणि त्यांच्या ताटात ठेवली.

वहिनींनी तुकडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग तुकडी नाकाशी नेऊन म्हणाल्या,

"का ओ? खराब झालीय काय?"