सत्तेचाळीस ते अठ्ठावन्न, मागे उभे

अन्याय झाला तो रोल नंबर सत्तेचाळीस ते अठ्ठावन्न यांच्यावर. बारा जण. त्यातली सत्तेचाळीस नंबर मी. साल १९९९, जानेवारी महिना, मंगळवार, सकाळचे पावणेअकरा. जागा : जालन्यातल्या एका कॉलेजची कंप्युटर रूम. कॉलेजचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, ते कॉलेज तसलंच, आमचं बरं आहे. आणि पुढचं वाचायचं सोडून द्याल.

त्या मंगळवारी सर मला म्हणाले, "सत्तेचाळीस, बस."

मी बसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा. खुर्चीला चाकं होती, ती जरा मागं सरकली आणि मी टेबलाची कड धरली. एसी चालू होता. दारात चपला काढायचा नियम, पाय गार पडलेले. तळहातांना मात्र घाम. समोर पडदा. सरांनी दिलेला कागद होता, इंग्रजी पत्र, तेवढं टाइप करायचं. मी बोटं ठेवली आणि सुरू केलं. खाड, खाड, खाड. सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली.

"हळू! खडी फोडायला आलीस का इथं?"

मी घाबरले. घाबरल्यावर माणूस जे हाताला येतं तेच करतो. पडद्यावरची ओळ उजव्या कडेला पोचली आणि माझा डावा हात आपोआप उठला, खांद्यातून जोर घेऊन गेला आणि पडद्याच्या खोक्याला धाडकन बसला. खोकं कर्रकन फिरलं. पडदा भिंतीकडं तोंड करून थांबला.

मग सगळे हसले.

सर आले. तिशीतला माणूस, औरंगाबादहून यायचा. त्यांनी खोकं सरळ केलं, माझा हात मनगटाशी धरून वर उचलला, सगळ्यांना दाखवला. म्हणाले, "हे हात बघा. असल्या हातांना खोरं द्या. की-बोर्ड नको." मग खिशातून रुमाल काढला आणि मी दाबलेली बटणं पुसली. एकेक. पुसून झाल्यावर रुमाल खिशात ठेवला नाही, टेबलाच्या कोपऱ्यावर टाकला.

"ऊठ. मागं."

लोक विचारतात, लाज वाटली का? नाही. लाज नंतर वाटली. तेव्हा फक्त भीती. हे मोडलं असेल तर आबांची नोकरी जाईल, असं माझ्या डोक्यात आलं. आबा म्हणजे माझे वडील, बदनापूरच्या तहसिलात शिपाई. कॉलेजच्या खोक्याचा आणि त्यांच्या नोकरीचा संबंध काय? काहीच नाही. पण आमच्या वस्तीत वाढलेल्या पोरीला हे आधी शिकवलेलं असतं, की मोठ्यांच्या घरचं काही फुटलं तर सगळ्या घराला भोगावं लागतं.

आता हात का उठला ते सांगते.

आबांनी सगळं आयुष्य टायपिस्टच्या टेबलापासून साहेबाच्या टेबलापर्यंत कागद नेण्यात घालवलं. त्यांना वाटायचं, ऑफिसात बसून भाकरी खाणारा गरीब माणूस एकच, टायपिस्ट. म्हणून दहावी झाल्याबरोबर मला टायपिंगला घातलं. संध्याकाळी घरी पोळपाट उलटा ठेवायचे आणि त्यावर माझ्याकडून बोटं आपटून घ्यायचे. "जोरात मार बाई. बोटात जोर पायजे. खाली दोन कार्बन असतात. तिसऱ्या कॉपीवर उमटलं न्हाई ना, तर सायेब कागद तोंडावर फेकतो. मी बगितलंय." कोणाच्या तोंडावर फेकला होता ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मशीनवर ओळ संपत आली की घंटी वाजते. घंटी वाजली की डाव्या हाताने दांडा उजवीकडं ढकलायचा, गाडी सरकते, नवी ओळ. पाच वर्षं मी ते केलं. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये माझ्याएवढी स्वच्छ तिसरी कॉपी कोणाची निघत नव्हती. त्याच जोराला सर खडी फोडणं म्हणाले. कंप्युटरला दांडा नसतो, ओळ आपली आपण खाली जाते, हे मला कसं कळणार? बसल्याशिवाय?

बसवतच नव्हते. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि त्याच वर्षी कॉलेजात कंप्युटर आले. आठ आले. नारळ फुटला, प्रत्येक खोक्याला कुंकू लागलं, वर प्लास्टिकचं झाकण चढलं. आठपैकी पाच चालायचे. हजेरीपटात आधी फी भरणारे, मग फी माफीवाले. ऑफिसची यादी तशीच वर्गात यायची. फी भरणारे पाळीपाळीने खुर्चीत. आम्ही बारा जण कायम मागे, भिंतीला, उभे. सर बोलायचे, पुढचे दाबायचे, आम्ही वहीत लिहायचो. पडद्याचं चित्र पेन्सिलीने काढायचो, पट्टीने चौकट आखून. माझी वही सगळ्यात नीट होती. सरांनी तीवर "उत्तम" असा शेरा दिला होता.

त्या मंगळवारी मला बसवलं तेही पूनमने सांगितलं म्हणून. पूनम रोल नंबर अकरा, तिच्या वडिलांचं बियाण्यांचं दुकान, घरी स्वतःचा कंप्युटर. ती म्हणाली होती, "सर, तिला टायपिंग येतं, तिला बसू द्या ना." चांगल्या मनाने म्हणाली. नंतर जिन्यात मला म्हणाली, "घाबरू नको गं. परीक्षेत मी करते ना तुझं."

मी मान हलवली. हो म्हटलं. तेही इथं लिहिते, कारण खोटं लिहायचं नाही.

त्यानंतर दर मंगळवारी मला कणकण यायची. बदनापूरहून सकाळच्या गाडीने यायचे. वाटायचं, आज गाडीने जालन्याला थांबूच नये, सरळ परभणीला जावं. कंप्युटर रूमच्या दारात चपला काढायला मी सगळ्यात शेवटी थांबायचे. पुढं कोणी जोरात बटण दाबलं तरी मी दचकायचे. सर माझ्याकडं बघतही नव्हते. तरी भ्यायचे. बघत नव्हते म्हणूनच जास्त.

एप्रिलमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक येणार. अठ्ठावन्न पोरं, पाच कंप्युटर, एक दिवस. सकाळीच सरांनी आम्हा बारा जणांना बाजूला घेतलं. टेबलावर कागदांची थप्पी होती. आधीच टाइप करून, छापून ठेवलेली पत्रं. प्रत्येक पत्राच्या तळाशी एकेक रोल नंबर. सत्तेचाळीस पण होता.

"खाली सही करा आणि घरी जा. सगळे पास. परीक्षकसाहेबांना ताटकळवायचं नाही जास्त वेळ," सर म्हणाले. "माझे उपकार समजा."

पोरं रांगेत लागली. कोणाला दोष देत नाही. कोणाचं लग्न ठरलं होतं, कोणाला भरतीचा फॉर्म भरायचा होता. राजूरचा एक्कावन्न नंबर सही करून आला, माझ्या कानाशी म्हणाला, "कर ना सही. क्रांती मंग कर."

माझ्या हातात पेन आलं. कागद वाचला. सुंदर टाइप केलेला. एक चूक नाही. पूनमचं काम. खाली रेघ, रेघेखाली माझा नंबर. मला तेव्हा काही थोर सुचलं नाही. मला एवढंच दिसलं की हा कागद घेऊन मी नोकरी मागायला जाईन, तिथं कोणीतरी म्हणेल, "बस, करून दाखव," आणि माझा डावा हात पुन्हा उठेल. पुन्हा रुमाल निघेल. जन्मभर कुठल्याही ऑफिसात शिरताना मी त्या रुमालाला भिणार. त्या भीतीपुढं सरांची भीती थोडी कमी वाटली. थोडीच.

मी पेन खाली ठेवलं.

"सर, मला बसायचंय."

"काय?"

"मला माझं मला करायचंय."

आवाज फाटला होता. मी टेबलाला टेकले. सर हसले. परीक्षक खिडकीशी चहा घेत होते. ते न वळताच म्हणाले, "बसू द्या हो. काय जातंय?"

मी बसले. परीक्षकांनी पत्र दिलं. एका दुकानदाराने दुसऱ्याकडं मालाची यादी मागायची, तसलं. मी बोटं ठेवली. हळू. एवढं हळू की आधी अक्षरच उमटेना. मग उमटलं. एक ओळ झाली, आपली आपण खाली गेली. डावा हात उचलला गेला होता, मी तो हवेत थांबवला आणि मांडीखाली दाबून धरला. परत वर घेतला. दुसरी ओळ. तिसरी. दहाव्या ओळीपर्यंत मी श्वास घेतल्याचं आठवत नाही.

आणि लाइट गेली.

एसी थांबला. टेबलाखालून ते बॅटरीचं यंत्र ओरडायला लागलं. पीं. पीं. पीं. मला घंटीच वाटली. हात पुन्हा उठला, पुन्हा खाली ओढला.

"सगळे बंद करा. उठा," सर म्हणाले.

बाकीचे उठले. मी उठले नाही. शूर होते म्हणून नाही. उठले तर परत बसता येणार नाही, हे मला माहीत होतं. पीं पीं जवळजवळ यायला लागलं. मी शेवटची ओळ लिहिली. आपला विश्वासू. पूर्णविराम. आणि पडदा काळा झाला.

पूनम मागं उभी होती. म्हणाली, "सेव्ह केलं होतंस ना?"

मी एक बटण दाबून बघितलं, पडदा काळाच.

मशीनवर मारलेलं अक्षर कागदावर राहतं. लाइट जावो, छप्पर जावो, राहतं. इथलं राहत नाही, ते ठेवून द्यावं लागतं. आणि हे मला माहीत होतं! वहीत होतं. बाविसाव्या पानावर. ठेवून द्यायचं बटण मी स्वतः पेन्सिलीने काढलं होतं, छायेसकट. "उत्तम." पण त्या बटणावर माझं बोट एकदाही गेलं नव्हतं. सगळ्या वर्षात एकदाही.

सर जवळ आले. ओरडले नाहीत. अगदी गोड आवाजात म्हणाले, "झालं समाधान? तो कागद अजून आहे. सही कर. कोणाला काही कळणार नाही."

कागद टेबलावर होता. पेन होतं. खोलीत उकडायला लागलं होतं आणि मला हुडहुडी भरलेली.

"न्हाई," मी म्हटलं.

कॉलेजात मी कायम 'नाही' म्हणायचे, जपून. त्या दिवशी घरचं 'न्हाई' निघालं.

शून्य पडलं. वर्ष गेलं.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी जेवताना आबा म्हणाले, "एक सही करायची व्हती. सहीनं काय माणूस झिजतं का?"

"झिजतं, आबा. तुम्ही किती झिजलात."

ते ताटावरून उठले. मी असं बोलायला नको होतं की हवं होतं, मला अजून ठरवता येत नाही. पण तेच वर्ष पुन्हा करायचा फॉर्म भरायला तेच माझ्याबरोबर जालन्याला आले. खिडकीबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, "तू बोल. मला त्या लोकांचं भ्या वाटतं." पंचवीस वर्षं सरकारी ऑफिसात काढलेला माणूस.

त्याच उन्हाळ्यात मी पहिलं पत्रक काढलं. "खुर्ची द्या, मगच परीक्षा घ्या." सायक्लोस्टाइलवर. मेणकागदावर अक्षर कापायला बोटात जोर लागतो, तो माझ्याकडं होता. कॉलेजच्या फाटकात उभं राहून मी ते वाटलं. आजही कुठल्या ऑफिसात ते पीं पीं सुरू झालं की माझ्या पाठीतून गार पाणी जातं. भीती गेली असं मी कुठंही म्हणणार नाही. भीत भीतच वाटायची पत्रकं, एवढं मी ठरवलं आहे, आणि ते काम मी सोडणार नाही. कोणी रुमाल काढला तरी.

आता २००३ चाललंय. म्हणतात, ॲडमिशन कंप्युटरवर, निकाल कंप्युटरवर, नोकरीचा अर्ज कंप्युटरवर. गावोगावच्या कॉलेजात नारळ फुटून राह्यलेत, फोटो छापून येतात. वाटूरहून मला परवा एका पोरीचं पत्र आलं. तिच्या कॉलेजात वीस कंप्युटर आलेत. शेवटी लिहिलंय, "ताई, आम्ही मागे उभे असतो. माझी वही फार छान झाली आहे."

म्हणून हे लिहिलं.

तुम्ही आई-बाप असाल तर पोरीची वही बघून खुश होऊ नका. तिला विचारा, बोट लावलंस का? किती वेळा? उत्तर आलं नाही तर तासाच्या वेळी कॉलेजात जा, चपला दारात काढा, आत शिरा आणि मोजा, बसलेले कोण आणि उभे कोण. तुम्ही मास्तर असाल तर उद्याची हजेरी शेवटच्या नंबरापासून सुरू करा. आणि तू, जी भिंतीला टेकून पेन्सिलीने चौकट आखतेस, तुझ्यासमोर एक दिवस तयार कागद येईल. सुंदर असेल. एक चूक नसेल. खाली तुझा नंबर असेल.

भी. खुशाल भी. पण सही करू नको. पेन खाली ठेव आणि खुर्ची माग.