चार उत्तरं

शत्रूच्या हाती सापडलेल्या वैमानिकानं चारच प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख. पाचव्या प्रश्नाला तोंड बंद. एकाहत्तरच्या लढाईत माझं विमान पडलं, मी सीटसकट बाहेर फेकला गेलो आणि पॅराशूटनं नको तिकडे उतरलो. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी चारच उत्तरं दिली. चौकशी करणारा अधिकारी गोड बोलायचा, समोर चहा ठेवायचा. चहा निवायचा आणि मी पाठ नसलेल्या स्टुलावर ताठ बसून राहायचो. विमानातून फेकला जाताना माझ्या कमरेचे दोन मणके दबले होते. हे मी त्याला कळू दिलं नाही. कुठं दुखतंय हे कळलं की माणूस नेमकं तिथंच बोट ठेवतो, एवढं मला समजत होतं.

सुटून आल्यावर आपल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून विचारलं, "आता काही त्रास?" मला पुन्हा उडायचं होतं. "नाही," म्हणालो. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीवर मी हवाई दलातली पुढची सगळी नोकरी काढली, निवृत्त झालो, नोएडात फ्लॅट घेतला आणि नव्यानंच निघालेल्या एका खासगी विमान कंपनीत कॅप्टन म्हणून लागलो. तेव्हा सगळंच नवं निघत होतं. आमच्या सेक्टरला नंबर मिळाला होता, फोनला मात्र अजून मिळायचा होता. दिवसातून चार तास वीज नसायची, पण शेजाऱ्यांच्या गच्चीवर परदेशी वाहिन्यांची भलीमोठी छत्री बसली होती.

बायको माझ्या आयुष्यात आली ती सुटकेनंतर. रोज सकाळी मी कपाटाला टेकून, उभ्या उभ्या मोजे घालायचो, कारण बसून वाकता येत नसे. ती रोज विचारायची, "दुखतंय का?" मी रोज म्हणायचो, "नाही." एकदा वैतागून ती म्हणाली, "माझ्याशीसुद्धा तुम्ही चारच गोष्टी बोलता. आलो, जेवतो, झोपतो, निघतो." मी हसण्यावारी नेलं. ती हसली नव्हती, हे मला आत्ता आठवतं.

मुलगी तेव्हा अकरावीत होती. एका संध्याकाळी तिला मयूर विहारच्या ट्यूशनवरून घेऊन येत होतो. नोएडा मोडच्या सिग्नलला पुढं बस थांबली आणि मी ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असं मला वाटलं. उजवा पाय गुडघ्याखाली आहे की नाही तेच कळेना. बस अंगावर यायला लागली. हँडब्रेक खेचला तेव्हा गाडी बसच्या मागं हातभर अंतरावर थांबली. मुलीचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं होतं.

"ब्रेक ढिले झालेत," मी म्हणालो. ती कपाळावरचं टेंगूळ चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी मीच शहाणपणा करून तिला बरोबर घेतलं आणि गाडी मेकॅनिककडे नेली. खोटं बोलायचं तर शेवटपर्यंत. मेकॅनिकनं एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साहब, ब्रेक तो एकदम टाइट हैं." मुलीनं त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. परतताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, मम्मीला तुम्ही सांगणार की मी सांगू?" मी रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिलो. मग तिनंच सांगितलं.

सुट्टीत तिला पुण्याला मावशीकडे जायचं होतं. मुंबईपर्यंत माझ्याच विमानानं जायचं, हे महिन्याभरापूर्वी ठरलेलं. बायको तिचे कपडे बॅगेत भरता भरता म्हणाली, "ती ट्रेननं जाईल."

"का?"

"तुमच्या विमानानं नाही जाणार."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "रोज शंभरावर माणसं माझ्या भरवशावर बसतात, कळतंय का?"

"त्यांना ब्रेकचं माहीत नाही," ती म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तसाही बोलत नव्हतो, त्यामुळं फारसा फरक पडला नसावा. तिसऱ्या दिवशी मुंबईहून दिल्लीला विमान आणत होतो. विमानाचेही ब्रेक पायांनीच दाबायचे असतात. चाकं टेकली, मी पेडल दाबलं, आणि धावपट्टीकडं बघायचं सोडून माझी नजर खाली माझ्या बुटाकडं गेली. बूट पेडलवर आहे ना, हे डोळ्यांनी पाहावं लागलं. आमचं लष्करी शिक्षण फार वर्षांचं, पण अशी भीती मला तिकडच्या कोठडीतही वाटली नव्हती. तिथं फक्त माझाच जीव जाणार होता. विमान नीट थांबलं. शेजारच्या तरुण सहवैमानिकाला मी ताकास तूर लागू दिली नाही. मी दारात उभा राहून उतरणाऱ्यांना नमस्कार करत राहिलो. आमच्या मुलीच्या वयाची एक मुलगी समोरून गेली आणि मी उगाचच तिचं कपाळ बघितलं.

पुढच्याच आठवड्यात माझी सहामाही वैद्यकीय तपासणी होती. तिच्यात नापास म्हणजे उडणं बंद. पास होण्याचे सगळे डाव मला पाठ होते. सकाळी गरम पाण्यानं कंबर शेकायची, पार्कात दोन फेऱ्या मारून पाय सैल करायचा, डॉक्टर पाय वर उचलतात तेव्हा हळू श्वास सोडायचा म्हणजे चेहरा हलत नाही. त्या सकाळी मी हे सगळं केलं. कुणालाही फसवायला माझी हरकत नव्हती, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

तपासणीच्या खोलीबाहेर फॉर्म हातात आला. नाव, हुद्दा, लायसन्सचा नंबर, जन्मतारीख. चारही रकाने भराभर भरले. पाचवा होता, 'पूर्वीची दुखापत व सध्याचा त्रास.' माझं पेन आपोआप 'नाही' लिहून मोकळं झालं.

डॉक्टर नवा होता, पस्तिशीचा असेल. त्यानं जुनी फाइल उघडली, दोन पानं वाचली आणि एकदम उठून उभा राहिला. "सर, आप वहाँ कैद में थे? मेरे पिताजी भी फौज में थे." मग नजर, कान, रक्तदाब, सगळं झालं. पाय उचलून बघायची वेळ आली तेव्हा त्यानं मला टेबलावर झोपूही दिलं नाही. "रहने दीजिए सर. आप जैसे लोगों से क्या पूछना!" आणि त्यानं शिक्का हातात घेतला.

इतकं सोपं कधीच झालं नव्हतं. डाव टाकायचीही गरज पडली नाही. त्याच्या टेबलावर माझ्यासाठी चहा मागवलेला होता आणि तो निवत होता. मी त्या कपाकडं बघत राहिलो. त्या तिकडच्या अधिकाऱ्यापासून मी जे वाचवलं होतं, ते आता मी कुणापासून वाचवत होतो? या पोरापासून? की ट्रेननं निघालेल्या माझ्या मुलीपासून?

"पूछिए," मी म्हणालो.

त्याला कळलं नाही. मी बूट काढले, स्वतःच टेबलावर आडवा झालो आणि म्हणालो, "दायाँ पैर उठाइए. और पूछिए."

त्यानं पाय उचलला. मी श्वास रोखला नाही, सोडलाही नाही. ओरडलो. बाहेरचा शिपाई दार उघडून आत डोकावला.

शिक्का बसला नाही. फॉर्मवरचा 'नाही' खोडून त्याखाली मी अर्धं पान लिहिलं आणि सही केली. ती माझी वैमानिक म्हणून शेवटची सही. गाडी तिथंच ठेवून टॅक्सीनं घरी आलो. वाटेत रडलो, हे लपवण्यात आता अर्थ नाही.

बायको स्वयंपाकघरात होती. मला दुपारी आलेला बघून ती समजली असावी, पण तिनं निकाल विचारला नाही. मी भिंतीला टेकून बूट काढायला गेलो, तेव्हा सवयीनं म्हणाली, "दुखतंय का?"

"हो," मी म्हणालो. "फार दुखतंय. तिकडे स्टुलावर बसवायचे तेव्हापासून दुखतंय."

तिनं गॅस बंद केला, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "कुठलं स्टूल?"