बाई, मी खिडकीकडची

वर्गात मागे बसून बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. शिक्षक शिकवत असतो, मुलं शिकत असतात किंवा नसतात, आणि मी शेवटच्या बाकावर गुडघे मुडपून निरीक्षणाचा तक्ता भरत असते. कोण किती वेळा बोललं, प्रश्न कुणी विचारला, खिडकीबाहेर कोण बघत होतं, सगळ्याच्या उभ्या रेघा. चार झाल्या की पाचवी आडवी. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत यातच निम्मं आयुष्य गेलं. प्रशिक्षणात शिक्षकांना मी ठसक्यात सांगायची, "मूल काय बोलतं ते राहू द्या, काय करतं ते बघा." माझ्या नजरेतून काही सुटत नाही असा माझा लौकिक होता. तो बराचसा मीच पसरवला होता, हेही सांगून टाकते.

ही सवय लावली आक्कानं. माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई दिवसभर शिलाई मशीनवर, त्यामुळे मला शाळेतून आणायचं काम आक्काकडे. वाटेत ती रोज विचारायची, "बारके, आज काय बगितलंस?" काही नाही म्हटलं की माझा हात सोडून चालू लागायची. मग मी मागून धावत सांगायची, गुरुजींच्या चपलेचा अंगठा तुटलाय, ते आज पाय ओढत चालत होते. हे ऐकलं की हात पुन्हा मिळायचा. पुढे ती पन्हाळ्याच्या पायथ्याला एका गावात शिक्षिका झाली, आणि मी तिच्यासारख्यांच्या चुका काढणारी झाले.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तिच्या शाळेचं निरीक्षण माझ्याकडे आलं. बहिणीचा वर्ग आपण बघू नये, एवढं मला कळत होतं. पण मला ती मिरवायची होती.

तिसरीचा वर्ग. हातच्याची वजाबाकी चालली होती, बावन्नमधून सत्तावीस. "दोनातून सात जात नाहीत," आक्का म्हणाली आणि थांबली. खडू हातात तसाच. मी मनात आकडे मोजत गेले, अकरा झाले. मग पहिल्या बाकावरची, दोन घट्ट वेण्या घातलेली मुलगी हळूच म्हणाली, "शेजारच्या घरात जायचं नव्हं, बाई?" आक्का हसली. "शेजारच्या घरात जायचं!" आणि गणित पुढे सरकलं.

प्रश्न विचारून थांबा, पोरांना विचार करू द्या, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. कुणाला तीन आकड्यांएवढा धीर निघत नाही, आणि इथं माझी बहीण अकरा थांबत होती! मी तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं, उत्तम. फळ्यावर वार आणि तारीख मुलांनीच लिहिलेली. उत्तम. पुस्तक उघडताना शेजारचं मूल बाईंना पान काढून देतं. उत्तम. आणि सगळ्यात आवडलं ते हे, की उत्तराला उठणारं प्रत्येक मूल आधी स्वतःची जागा सांगत होतं. "बाई, मी खिडकीकडची." "बाई, मी दाराजवळचा." बोलण्याची काय छान शिस्त लावलीय, असं मला वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं माझ्या लेकीचा निकाल विचारला. मी सांगितला. डबा संपेपर्यंत तिनं तो पुन्हा विचारला. "आक्का, तुला निवृत्तीचे वेध लागलेत," मी चिडवलं. ती हसली, पण जरा उशिरा. त्या उशिराची रेघ मी कुठं मारली नाही.

अहवालात मी तिचा वर्ग नमुन्याचा ठरवला आणि दुसऱ्या शाळांचे शिक्षक तो बघायला पाठवू लागले. एकदा तिचा फोन आला. "कशाला पाठवतीस गं माणसं? नको की." मला तो तिचा नेहमीचा भिडस्तपणा वाटला. "तुझं हेच चुकतं, आक्का. चांगलं काम लपवून ठेवतेस," असं मीच तिला सुनावलं. आणखी चार शिक्षक मी पाठवले.

जूनमध्ये ती मुलं चौथीत गेली आणि आक्काला दुसरीचा नवा वर्ग मिळाला. पंधरा दिवसांत मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, एकदा येऊन जा. निरीक्षणाला नको, घरचं माणूस म्हणून या."

मी व्हरांड्यातून बघितलं. हजेरी तिसऱ्यांदा चालली होती, आणि पोरं दर खेपेला आधीपेक्षा मोठ्यानं "हजर" म्हणून ओरडत होती. त्यांना तो खेळ वाटत होता. आक्का वहीवर बोट ठेवून उभी होती. इतक्यात चौथीच्या वर्गातून ती दोन वेण्यांची मुलगी आली. सरळ आत गेली, फळ्यावर वार आणि तारीख लिहिली, हजेरीची वही मिटून टेबलावर ठेवली, "बाई, मी खिडकीकडची" म्हणाली आणि बाहेर आली. मी तिला अडवलं.

"हे कधीपासून चाललंय?"

"दिवाळीपासनं. बाईंनी एकदा माजं नावच इसरलं. मग पाठ फिरवून डोळं पुसलं. त्या दिवशी आमी ठरिवलं की सांगत जायाचं. कोन कुटं बसतंय ते."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला. कुणावर चढला, देव जाणे.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी मागं बसून बगत हुतासा की. लिवत पन हुतासा. आमास्नी वाटलं, तुमास्नी कळलंय."

नऊ वर्षांची पोर. तिच्यासमोर मी मान खाली घातली आणि ती वर काढायला मला फार वेळ लागला.

आक्काला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कधी सुरू झालं, काय काय व्हायचं? दाजींना नीट सांगता येईना. मी पिशवीतून जानेवारीचा तो तक्ता काढून टेबलावर ठेवला. थांबणं, पान न सापडणं, तारीख, मुलांनी जागा सांगणं, सगळं वेळेसकट लिहिलेलं. डॉक्टर म्हणाले, इतकी नीटस नोंद कुणी आणत नाही. मग त्यांचं लक्ष शेवटच्या रकान्याकडे गेलं. तिथं ओळीनं उत्तम, उत्तम, उत्तम, माझ्या वळणदार अक्षरात. त्यांनी कागद हळूच माझ्याकडे सरकवला. आधी आणलं असतं तर आजार गेला नसता, म्हणाले, पण तिचे बरेच चांगले महिने हाती राहिले असते. ते महिने मी घालवले. लाज वाटली असं म्हणून भागत नाही. अजूनही रडू येतं आणि त्यात निम्मा स्वतःचाच राग असतो.

आता आक्का घरीच असते. रविवारी मी जाते, दारात उभी राहते आणि म्हणते, "आक्का, मी बारकी." त्या पोरांची रीत उचलली. मग तिचा चेहरा सैल होतो. "ये की," म्हणते.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी गप्प राहिले. का, ते सरळच सांगते. मला बघायचं होतं. एवढं होऊनही खोड जाईना. खुर्ची ओढून समोर बसले आणि मनात आकडे मोजू लागले. अकरा झाले. वीस झाले. आक्कानं पदर सावरला, दाजींकडे बघितलं, मग माझ्याकडे वळून अदबीनं विचारलं, "कुठलं पावणं?"

त्या पोरांनी सहा-सात महिने तिला सांभाळलं, पण तिची परीक्षा एकदाही घेतली नव्हती. मी उठले, दाराबाहेर गेले, डोळे पुसले आणि पुन्हा आत आले.

"आक्का, मी बारकी."

"ये की." तिनं माझा हात धरून जवळ बसवलं. "बारके, आज काय बगितलंस?"

"काही नाही, आक्का," मी म्हटलं.