‘कशेळे जुने’ आणि नसीमाबाई

नसीमाबाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यांच्यावर लिहायला या गौरव अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं आहे. त्यांचा हेवा करण्याचा माझ्याइतका अनुभव कुणालाच नाही, तेव्हा निवड योग्यच आहे.

खालापूरहून त्या कर्जतच्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात, संगणक विभागात रुजू झाल्या, तेव्हा मी तिथला जुना माणूस होतो. एक्स-रेच्या फोल्डरांना गावांची नावं असत. नावात मोकळी जागा आली की संगणक एका नावाची दोन नावं समजतो, म्हणून दोन शब्दांमध्ये खालची रेघ द्यावी, अशी पाटी मी भिंतीवर लावली होती. एक्स-रे काढणाऱ्या सुमन त्यांना म्हणाल्या, "ताई, आमी बोलतो तसं नाव देतो. रेघ ध्यानात नाय ऱ्हात." मी पाटीकडे बोट दाखवलं असतं. नसीमाबाई म्हणाल्या, "तू बोलतेस तसंच लिही गं, बाकीचं मी बघते."

पुढे एका दुपारी बाहेरच्या कंपनीचे गृहस्थ स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहून घेऊन आले. ‘कशेळे जुने’ हे फोल्डर पुसायचं होतं. चालू रुग्णांचे एक्स-रे ‘कशेळे’ या फोल्डरात होते, आणि त्यांतले काही रुग्ण बाहेर बाकावर बसलेले होते. गृहस्थ आज्ञा देणार, इतक्यात बाई म्हणाल्या, "थांबा हं. पुसण्याआधी काय पुसणार, ते त्याला नुसतं सांगायला लावा."

पडद्यावर दोन ओळी आल्या. एक ‘कशेळे’, दुसरी ‘जुने’. बाईंनी स्क्रिप्टमध्ये नावाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घातली, तशी ओळ एकच झाली. तीच स्क्रिप्ट मीही शेजारी उभा राहून वाचत होतो. आणखी थोडा वेळ मिळता तर मलाही दिसलं असतं, असं मी घरी सांगितलं. पत्नी म्हणाली, "मग घ्यायचा होता वेळ."

विश्वस्तांपुढे नसीमाबाईंनी "आम्ही दोघांनी पाहिलं" असं सांगितलं, आणि मला सर्वांत जड गेलं ते हेच. श्रेय एकट्यांनी घेतलं असतं, तर रागावता तरी आलं असतं. नंतर त्यांनी विभागातल्या सगळ्या स्क्रिप्ट तशाच सुधारल्या. माझ्या पाटीवर आता कॅलेंडर टांगलेलं असतं. ईदेला त्यांच्याकडून शीरखुर्मा येतो. तोही उत्तम असतो.

या अंकाचे लेख गोळा करायला त्यांचीच स्क्रिप्ट वापरली जाते. म्हणून माझ्या फाइलला मी ‘नसीमाबाई गौरव लेख’ असं, मोकळ्या जागा सोडून, बिनधास्त नाव दिलं आहे. बाईंनी ठणठणीत राहून शंभरी गाठावी. आणि तेवढ्या काळात एखादी तरी चूक त्यांच्या आधी मला दिसावी.