जोसायाच्या नावाखालचा चौकोन

मार्गारेट गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते, बिल्डिंगच्या लॉबीत. तिची मुलगी कॅथरीन म्हणाली, "शी वेन्ट पीसफुली." मी "आय ॲम सो सॉरी" म्हटलं आणि तिथल्याच बाकावर बसले. पीसफुली... हा शब्द गेले सहा आठवडे माझ्या मानगुटीवर बसलाय. कारण ती शांतपणे गेली ती माझ्या चुकीमुळे, आणि नंतर मी तोंड मिटून बसले म्हणून.

नॉर्थ यॉर्कच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिचं दार माझ्या दारासमोर. वय ऐंशीच्या पुढे, शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण, आवाजात अजून छडी, आणि डोळे जवळजवळ गेलेले. पहिल्याच ओळखीत तिनं विचारलं, "तुला टायपिंग येतं का?" म्हटलं, दिवसभर दुसरं काय करते मी. झालं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन तिच्या डायनिंग टेबलापाशी. तिचा चहा म्हणजे नुसतं रंगीत पाणी, म्हणून आल्याचा चहा थर्मासात मीच न्यायचे. टेबलावर तिच्या घराण्याचा तक्ता पसरलेला असे, तिनं हातानं काढलेला. सगळ्यात वर जोसाया कोल ट्रेंट. अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हाचा, न्यूयॉर्ककडचा शेतकरी. लढाईत राजाच्या बाजूनं राहिला, आणि राजा हरल्यावर चंबूगबाळं आवरून कॅनडात आला. त्याच्या नावाखाली एक रिकामा चौकोन आणि आत पेन्सिलनं प्रश्नचिन्ह. दिसायचं नाही म्हणून ती पेन्सिल इतकी दाबायची की कागदाच्या पाठीवर उठायचं. हा कोण, मी विचारलं. ती म्हणाली, "माझी आजी सांगायची, जोसायाबरोबर एक काळी मुलगी आली होती. गुलाम. बापानं त्याला दिलेली, गाय देतात तशी. मेली तेव्हा तिला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं. नाव कुणी सांगितलं नाही. हे खरं असेल तर मला तिचं नाव इथं लिहायचंय, सुनंदा. मरायच्या आधी."

हे तिनं नेमकं मला सांगावं... माझ्या पणजीचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. गावच्या कागदांत आमची माणसं जातीच्या नावानं लिहिलेली, आणि बायका तर तेवढ्याही नाहीत. नागपुरात माझे आजोबा शाळेत गेले, त्यांच्यापासून आमचा तक्ता सुरू होतो. मी म्हटलं, शोधू या आपण.

आणि घोळ मीच घातला. वंशावळीच्या साइटवर वडिलांचं नाव मागितलं होतं. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बापाचं. इथं अठरा वर्षं काढली, माझा पोरगा मला इंग्रजीतच उत्तरं देतो, पण हाताची सवय काही गेली नाही. जोसाया कोल ट्रेंट, म्हणजे बाप कोल. टाकलं. साइटनंही कोल ट्रेंट नावाचा एक म्हातारा काढून दिला, त्याला जोसाया नावाचा मुलगासुद्धा. "बाप नक्की तोच?" मार्गारेटनं विचारलं, तर मी स्क्रीनवर मीच लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. तिला दिसत नव्हतं, तिनं विश्वास ठेवला. सगळा विंटर आम्ही त्या परक्या म्हाताऱ्याच्या मागे फिरलो. बर्फ वितळायच्या सुमारास त्याचं मृत्युपत्र मिळालं. जोसायाला एक पलंग, एक लाल गाय आणि बायबल. बस.  "फक्त गाय," ती म्हणाली आणि सुटका झाल्यासारखी रडायला लागली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं. "खोडून टाक तो चौकोन," म्हणाली. मी रबर घेऊन खोडला.

पुढे तिची छाती भरली, हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. तिथल्या भिंतीवर लावायला तक्त्याची चांगली कॉपी करावी म्हणून मी घरी बसून सगळी नावं तपासायला घेतली, आणि जोसायाच्या बाप्तिस्म्याची नोंद समोर आली. बाप सॅम्युएल. कोल हे आईचं माहेरचं आडनाव.  सॅम्युएलचं मृत्युपत्र दहा मिनिटांत मिळालं: "माझी काळी गुलाम मुलगी डायना, माझा मुलगा जोसाया यास." त्याच ओळीत पुढे तांब्याची भांडी.

प्रिंटआउट पर्समध्ये घालून मी हॉस्पिटलमध्ये गेले. तिनं चाचपडत माझा हात धरला. "काही नवीन?" मी म्हटलं, "नाही, मार्गारेट. काही नाही." ती हसली. "फक्त गाय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉबीतला तो फोन.

मैत्रिणी म्हणतात, तू दयेपोटी गप्प बसलीस. कसली दया. अर्धी दया असेल, अर्धी माझी चूक कबूल करायची लाज. त्या पोरीला जोसायाच्या माणसांनी एकदा कुंपणाबाहेर ठेवलं, आणि दुसऱ्यांदा मी ठेवलं, रबर हातात घेऊन. शोकसभेत कॅथरीन म्हणाली, "आमचा पूर्वज फक्त एक गाय घेऊन आला," आणि सगळे प्रेमानं हसले. मी सँडविच हातात धरून उभी होते. तेव्हापासून रविवारी दुपारी भास होतो, समोरचं दार उघडलंय आणि कुणीतरी विचारतंय, काही नवीन?

तक्ता कॅथरीननं मलाच दिला, तुम्ही दोघींनी मिळून केलाय म्हणून. सहा आठवडे तो गुंडाळी करून कपाटात होता. काल टेबलावर उलगडला. चौकोन दिसत नाही, पण बोट फिरवलं की लागतो, प्रश्नचिन्हासकट. तिनं दाबून लिहिलेलं माझ्या रबरानं गेलेलं नाही. त्या खाचेवर मी पेनानं लिहिलं, डायना. मग कॅथरीनला फोन केला, म्हटलं, रविवारी चहाला ये, तुला काही दाखवायचंय.

"इज इट समथिंग नाइस?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पण तुझ्या आईनं मागितलेलं आहे."