गाडी बंद कुठे पडली

माझी विजेवर चालणारी मोटार राजूरच्या घाटात बंद पडली आणि लोकांनी ती ढकलत बुलढाण्यात आणली, अशी कथा आमच्या नात्यागोत्यात आजही चवीने सांगितली जाते. सांगणाऱ्यांपैकी त्या दिवशी घाटात हजर असलेला माणूस एकच, माझा भाचा. आणि तोही मागच्या जीपमध्ये होता. मोटारीत मी होतो आणि माझी थोरली बहीण होती. तेव्हा काय घडले ते मलाच लिहिणे भाग आहे.

बहीण संग्रामपूरकडे शेतातल्या घरी मुलाजवळ राहते. तिला दम्याचा जुना विकार आहे आणि तिच्या छातीची नस ओळखणारे डॉक्टर बुलढाण्यात, म्हणजे माझ्या गावी. त्या आठवड्यात तिचा श्वास फार बिघडला. डॉक्टर संध्याकाळी परगावी निघणार होते. त्याआधी तिला आणा, असा त्यांचा निरोप होता. मी आदल्या दिवशीच तिला न्यायला जाऊन राहिलो. भाच्याची डिझेलची जीप दारात उभी असताना मी का गेलो, याचे उत्तर सोपे आहे. जीप सुरू झाली की बहिणीला खोकल्याची उबळ येते. माझ्या मोटारीला धूर नाही, वास नाही, थरथर नाही. मी ती घेतली तेव्हा भाचा हसून म्हणाला होता, "मामा, हा त मिक्सर हाय." पुढे त्याच मिक्सरमध्ये बसून त्याची आई प्रत्येक तपासणीला आली आणि बहुतेक वेळा वाटेत झोपली, हे तो सांगत नाही.

आता चार्जिंगचा मुद्दा. भाचा म्हणतो, मामाने बटणच दाबले नाही. बटण मी दाबले होते आणि हिरवा दिवा लागलेला पाहूनच झोपायला गेलो होतो. पण ते घर शेतीच्या लाइनवर आहे आणि त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती. अंधारात विहिरीवर जावे लागू नये म्हणून तिकडे प्रत्येकाने पंपाला ऑटो, म्हणजे आपोआप चालू करणारा स्विच, बसवलेला असतो. पाळीची वीज आली की शिवारातले सारे पंप एकदम सुरू होतात आणि विजेचा दाब पार खाली बसतो. पंप बिचारे कण्हत चालतात. माझ्या मोटारीचा चार्जर मात्र शहाणा, तो स्वतःला बंद करून घेतो. सकाळी पाहिले तर बॅटरी अर्धीही भरलेली नव्हती, आणि लाइन गेलेली होती. भाच्याने निदान स्वतःचा ऑटो त्या रात्रीपुरता काढायला हवा होता. त्याला ते सुचले नाही, कारण त्या भागात ऑटो काढणे म्हणजे उभ्या पिकाशी वैर.

नांदुऱ्याजवळ एका ढाब्यावर चार्जिंगची सोय आहे, त्या भरवशावर मी बहिणीला घेऊन निघालो; भाचा जीप घेऊन मागोमाग. ते यंत्र बंद होते. ढाब्याच्या मालकाने खांदे उडवले आणि चहा विचारला. मी चहा घेतला नाही. हिशेब करून पाहिला: मोताळ्यापर्यंतची वाट सपाट, तिथवर चिंता नाही, चिंता घाटाची.

मोताळ्याच्या पुढे भाच्याने जीप माझ्या आडवी घातली, खाली उतरला आणि काचेवर टकटक केली.

"मामा, मायले जीपमधी बसवा. हे घाट नाही चढत."

"जीप पोचंन वर," मी म्हणालो. "तुही माय कशी पोचंन, ते सांग."

मग त्याने सरळ आईलाच विचारले. तिने मान हलवली आणि सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला. मी तिला अडवून ठेवले असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की दार तिच्या बाजूचे होते आणि त्याला कुलूप नव्हते.

घाट लागताच मी एसी बंद केला. काच उघडावी तर पुढच्या ट्रकचा धूर आत येणार, म्हणून काचा मिटलेल्या. या मोटारीत इंजिनाचा आवाज नसतो, हे तिचे सुख. त्या दिवशी तीच शिक्षा झाली. बहिणीचा श्वास मला पूर्ण ऐकू येत होता: आत जाताना शीळ, बाहेर येताना घरघर, आणि मध्ये कधी कधी काहीच नाही. त्या मधल्या जागी मी रस्ता सोडून तिच्याकडे बघत असे. बॅटरीचा आकडा प्रत्येक वळणाला घसरत होता. जिथे क्षणभर उतार लागला तिथे पाय सैल सोडून मी मोटारीला थोडी वीज परत मिळवू दिली. डिझेलची जीप उतारावर तेल परत देत नाही. वरच्या वळणांवर पडद्यावर कासवाचे चिन्ह आले आणि मोटार माणसाच्या चालीने चालू लागली. मागे ट्रकांचे हॉर्न सुरू झाले. भाच्याने दोन्ही बाजूंचे दिवे लावून जीप माझ्या पाठीशी ठेवली आणि एकाही ट्रकला अंगावर येऊ दिले नाही. एवढे श्रेय त्याचे. ते मी कधी नाकारले नाही.

पण मोटार थांबली नाही. घाटात नाही, गावाच्या वेशीवर नाही, चौकातही नाही. ती दवाखान्याच्या फाटकात थांबली, मी थांबवली म्हणून. बहीण उतरली, मुलाचा हात धरून स्वतःच्या पायांनी आत गेली. डॉक्टर अजून होते. त्यानंतर मोटार बाजूला लावायला गेलो तेव्हा ती हलेना. राखणदाराने आणि रुग्णांच्या दोन-चार नातेवाइकांनी ती लिंबाच्या झाडाखाली ढकलत नेली. लोकांनी ढकलताना पाहिले ते हे. फाटक ते लिंब, यालाच कोणी राजूरचा घाट म्हणत असेल तर माझा नाइलाज आहे.

बहिणीच्या तोंडाला वाफेचा मास्क लावला होता. हळूहळू शीळ मंदावली. मी खुर्ची ओढून बसलो आणि भाच्याच्या देखत तिला म्हणालो, की जीपच्या धुराने जीव घाबरेल म्हणूनच तू उतरली नाहीस, हे याला एकदा तुझ्या तोंडाने सांग. भाचा म्हणाला, की मामाच्या धाकाने उतरली नाहीस, हे तू मामाला सांग. तिने आधी दोघांकडे पाहिले, मग मास्क बाजूला केला.

"मी उतरली असती, त तुमी दोघं तठीच भांडत बसले असते," ती म्हणाली. "मले डॉक्टरकडं जायचं होतं."

धुराचा भाग त्यातही होताच, हे मी तिला समजावून सांगू लागलो. भाचाही काहीतरी बोलू लागला. नर्सने तिचा मास्क पुन्हा नीट बसवला आणि आम्हा दोघांनाही बाहेर काढले.